आबांची करंगळी

मी प्राथमिक शाळेत बाई आहे, आणि तोंडानं फटकळ. वर्गात पोरानं लघवीसाठी करंगळी वर केली, तरी मी ‘जा’ म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल दाराबाहेर पडत नाही. घरीही माझा तोच खाक्या. यंदा तो माझ्या वडिलांना भोवला.

आबा फौजेतून आले, पलूसला ऊस केला, कुणाचं ऐकून घेतलं नाही. आता प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आणि सांगलीत रेडिएशन ठरलं. आधी प्लॅनिंगचा स्कॅन. त्यावर डॉक्टर आतले अवयव आखणार आणि किरण कुठून किती सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवणार. त्यासाठी पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं हवं, आणि पुढं रोज तेवढंच भरलेलं हवं. दोन ग्लास पुरे, असं सांगितलं होतं. मी म्हटलं, जास्त प्यालं तर चांगलंच की! निघताना अख्खी बाटली पाजली, तिथं गेल्यावर आणखी एक.

आबा बाकड्यावर चुळबुळायला लागले. “पोरी, लय जोराची लागलीया गं.”

“गप बसा आबा! येवढी फौज केली, आन् येवढा दम धरवंना व्हय?” मी चारचौघांत डाफरले.

ते तसेच बसून राहिले. फौजी माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. त्या तट्ट फुगलेल्या पोटावरच प्लॅन तयार झाला.

मग सुरू झाली रोजची परवड. मशीनवर झोपवून आधी आतला फोटो काढायचे, तर मूत्राशय स्कॅनमधल्याएवढं भरलेलं दिसायचं नाही. उतरा, प्या, थांबा. मी रोज आबांवरच कावायचे. एक दिवस त्यांना आवरलं नाही. उठता उठता पायजमा भिजला, फरशीवर ओघळ गेला. समोरच्या बाईनं तोंड फिरवलं.

“चुकलं गं माजं,” आबा म्हणाले.

माजं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. “अहो ताई, रोज सोसवेल एवढंच भरायचं असतं,” ते म्हणाले, आणि दोन ग्लासांवर पुन्हा स्कॅन, पुन्हा प्लॅन केला. आता काम पहिल्या फोटोतच होतं. आबांना कळ सोसावी लागत नाही. मला मात्र घास गोड लागत नाही.

परवा आम्ही घरी जेवत होतो. आबा ताटावरून उठले, मोरीपाशी थांबले आणि माझ्याकडं वळून त्यांनी करंगळी वर केली. चेष्टा करतायत वाटून मी खुदकन हसले.

ते हसले नाहीत. करंगळी तशीच वर.

“आवं, जावा की आबा,” मी कसंबसं म्हटलं, तेव्हा गेले.