अध्यक्षांची हत्या

त्या काळी मी पंचवटीतल्या भाजीव्यापाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होतो. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली होती, त्यामुळे ती खुर्ची मला कोणी दिली असं मी कधी मानलं नाही. पंधरवड्यावर निवडणूक होती आणि ती बिनविरोध होणार याची मला खात्री होती.

एके सकाळी कांद्याच्या वॅगनचं बोलायला मी मनमाडला गेलो. इकडे ओझरच्या कारखान्यातल्या काही कामगारांनी बाजाराच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर खडूने लिहिलं: ‘अध्यक्षांची निर्घृण हत्या. सायंकाळी येथेच शोकसभा.’ हे अध्यक्ष दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाचे. खाणी परक्या कंपन्यांकडून काढून घेतल्या, गरिबांच्या पोरांना दूध दिलं, म्हणून त्यांच्याच लष्कराने उठाव केला. देशाचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं आणि नेमकी तिथेच कोणीतरी कोबीची पोती रचली होती. आमच्या बाजारात अध्यक्ष एकच. माझी हत्या झाली यात कोणालाच नवल वाटलं नाही, हे मला आजही लागतं.

दुपारी परतलो तर बाजार जोरात चालू. मेथीवाल्या मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

“शेठ, तुम्ही तर गेले ना?”

“मनमाडला गेलो होतो. एक तरी गाळा बंद ठेवायचा.”

“तुम्हीच म्हणायचे, कोणी मेलं तरी बाजार बंद नाय ठेवायचा.”

तेवढ्यात कळलं की उपाध्यक्षांनी तातडीची बैठक घेऊन स्वतःला हंगामी अध्यक्ष करून घेतलं होतं. मी चौकात उभा राहून त्यांचा उद्धार केला. ते शांतपणे पान लावत होते.

“ठराव झालाय, शेठ. आता तुम्ही जिवंत आहात असा वेगळा ठराव घ्यावा लागेल.”

संध्याकाळी त्या कामगारांना झापायला म्हणून सभेला गेलो आणि शेवटपर्यंत बसून राहिलो. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी ते रडत होते. जवळच्यांनीच दगा दिला, असं वक्ता म्हणाला तेव्हा मान डोलावणारा बाजारातला मी एकटाच होतो.

निवडणुकीत उपाध्यक्ष सहज निवडून आले. मी जिवंत असल्याचा ठराव तोवर झालाच नव्हता; पंधरवडाभर लोकांनी माझ्यावाचून बाजार चालवून पाहिला होता, आणि तो बरा चालला होता. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, “माजी अध्यक्ष आपल्यात हयात आहेत, हे आपलं भाग्य.” टाळ्या खूप पडल्या. मावशींनीही वाजवल्या.