चांदी काळी पडली की सराफ खोटा!

सराफाच्या दुकानात चांदी हळूहळू साठते, शिव्या मात्र रोज जमा होतात! सेनगावजवळच्या गोरेगावच्या बाजारपेठेत माझं चांदीचं दुकान आहे. दागिना काळा पडला की गिऱ्हाईक आधी माझ्याकडे चोर म्हणून बघतं. अरे बाबांनो, हवेत, घामात, अंड्यासारख्या खाण्यात गंधक असतं. ते चांदीला लागलं की वर काळा थर चढतो. अस्सल चांदीवर पण चढतो! पण ऐकतो कोण?

*

एका गुरुजींनी चांदीचं ताट कागदात गुंडाळलं आणि वरून रबर बँड लावून ठेवलं. दिवाळीला उघडून बघतात तर ताटावर काळे पट्टे! भर दुकानात ताट आपटलं. "पट्ट्यापट्ट्यानं मिलावट केली काय?"

म्हटलं, "गुरुजी, रबरात गंधक असतं."

"माल तुमचा अन् दोष रबराचा? वा!"

*

साखऱ्याचे एक माळकरी गृहस्थ बायकोसोबत काळाठिक्कर चमचा घेऊन आले. मी सहज विचारलं, "ह्यानं अंडं खाल्लं का कोणी?"

"अंडं? आमच्या घरात? तोंड सांभाळून बोला!" सगळं दुकान माझ्यावर उलटलं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अवो, तुमी डब्यात हाच चमचा नेत व्हते ना?"

गृहस्थांना एकदम गावाकडं जाणारी जीप आठवली, अन् ते घाईघाईनं निघाले. चमचा अजून माझ्याकडेच पडलाय.

*

एकाने मोबाइलवर बघून चांदीचा गणपती टूथपेस्टने घासला. रोज! सोंडेवरची नक्षी साफ गेली, तर वर मलाच म्हणतो, "नक्षी कच्ची व्हती, बदलून द्या!" मी कपाळावर हात मारून घेतला.

*

परवा मात्र माझं डोकंच फिरलं. सेनगावकडची एक सासू सुनेला घेऊन आली. लग्नात माझ्याकडूनच घेतलेली सुनेची पैंजणं पार काळी पडली होती.

"तुमचा माल चोख हाय. माह्या पायात बी तुमचाच हाय," सासू म्हणाली. "हिच्या अंगातच दोष हाय. हिला माहेरी धाडून देते आता."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या चांदीला चोख म्हटलं, आणि मला ते ऐकवेना. सून मान खाली घालून उभी होती. तिच्या पायांच्या भेगांत मिरचीवर मारायची गंधकाची पिवळी पावडर बसली होती.

"मावशी, ही पावडर कोण मारतं?"

"हीच की! पावडर, शेण, भांडे, समदं हीच करते."

"अन् मग तुमची पैंजणं एवढी पांढरी कशी?"

सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "माही काहून काळी पडतील? मी हात तरी लावते का कशाला!"