माझ्या अंगानं कुणाला खाल्लं नाही

तिसरं मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. आधीची दोन तिसऱ्या महिन्यातच गेली होती. त्यांना घरात कुणी मूल म्हणतच नसे, "राहिलं न्हाई" एवढंच म्हणायचे. तिसऱ्याला मात्र हातपाय होते. दौंडच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "बघायचंय का?" माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, माझ्याआधीच बोलल्या, "नको, नको." मी म्हणाले, "दाखवा." मुलगी होती. तिची बोटं नीट पाहून घेतली आणि मगच मी डोळे मिटले.

माझं सासर वरवंडला. घरची शेती, नवरा कुरकुंभच्या कंपनीत, आणि मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट बघायला. मूल गेल्यावर प्रत्येकाला कारण सापडत होतं. मी दुचाकीवर बसले. मी दुधाची किटली उचलली. ग्रहणात भाजी चिरली. पपई खाल्ली असंही एकीनं सांगितलं, मला पपई आवडतसुद्धा नाही. महिनाभर माहेरी, कवठे येमाईला राहिले, तिथं आईनं येमाईला साडी कबूल केली. वडील ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "साडी नेसव की. पर एकदा झालं तर नशीब म्हणू. तीनदा झालं म्हंजी कायतरी कारण असनार. ते शोधा."

शिरूरला एका दवाखान्यात पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम दर गुरुवारी येत. मी नवऱ्याला घेऊन गेले. मॅडमनी जुने कागद चाळले आणि म्हणाल्या, "वय लहान आहे. थोडं थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा." बाहेर रांग होती. पुढची बाई दारात येऊन उभीही राहिली. नवरा उठला. मी खुर्ची सोडली नाही.

"हेच मला दोनदा सांगितलंय. मला कारण पाहिजे."

"कारण नेहमी सापडतंच असं नाही."

"शोधून तर बघा. मग नाही म्हणा."

नवरा माझा दंड ओढत होता. मॅडमनी पेन उचललं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. पहिला रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी सांगितलं, एकदा आलेला रिपोर्ट पक्का धरत नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. मी केला. तोही तसाच आला. त्या दिवशी मॅडमना परत जायची घाई होती. त्या म्हणाल्या, "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच शरीरावर उलटते. त्यात बाळ टिकत नाही. उपाय आहे, पुढच्या वेळी सविस्तर बोलू."

उपाय आहे, हे मी ऐकलं. नवऱ्यानं बाकीचं ऐकलं आणि घरी जाऊन तसंच्या तसं सांगितलं.

चार दिवसांत ते वाक्य वाड्यावस्त्यांवर फिरून आलं ते वेगळंच होऊन. हिचं अंग नवऱ्याचं रक्त धरत न्हाई. हिचंच अंग लेकरं खातं. पाण्याच्या नळावर बायका मला बघून बोलायच्या थांबत. नणंदेनं फोन करून नवऱ्याला कुठल्यातरी सेंटरचं सांगितलं, तिथं म्हणे नवऱ्याच्या रक्तातल्या पेशी बायकोला टोचतात. एक मावससासरे येऊन दुसऱ्या लग्नाचं बोलून गेले. मी आत चहा करत होते, त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. चहा मीच नेऊन दिला. कप ठेवताना मी म्हणाले, "मामा, मुलगी बघितली असंल तर तिच्याबी रक्ताची तपासणी आधीच करून घ्या." त्यांनी तो चहा घेतला नाही.

त्याच महिन्यात धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. अंगणात मांडव, पाटाभोवती फुलं, गावातल्या बायका नटूनथटून आलेल्या. आत्यांनी मला सकाळीच सांगितलं, "तू आत वाढपाचं बघ. ओटी लेकुरवाळ्या भरतील." मी पुऱ्या तळत बसले. बाहेर ओटी सुरू झाली. हसणं ऐकू येत होतं. माझ्या हातातला झारा थांबला. मी गॅस बंद केला, हात धुतले, सुपातले तांदूळ आणि नारळ घेतला आणि बाहेर आले.

आत्या पुढं झाल्या. "कुठं निघालीस?"

"ओटी भरायला."

"सगळ्यांसमोर शोभा करू नको. तिच्या पोटी लेकरू हाय. तुझं अंग लेकरं खातं, डॉक्टरनं सांगितलंय न्हवं?"

माझी जाऊ पाटावरून उठायला लागली, पण पोट जड होतं, तिला लगेच उठता आलं नाही. ती बसूनच म्हणाली, "ताई, या तुम्ही. मला चालतंय." मी तिच्यापुढं बसले. तिला हळद-कुंकू लावलं, पदरात नारळ आणि तांदूळ घातले. तांदूळ थोडे सांडले. मग आत्यांकडे वळले.

"कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? गुरुवारी माझ्याबरोबर शिरूरला चला. मॅडमच्या तोंडून ऐका. त्यांनी तसं म्हटलं तर मी स्वतः कवठ्याला निघून जाते."

गुरुवारी आम्ही चौघं निघालो. आत्या, सासरे, नवरा आणि मी. चौफुल्यावर गाडी बदलली.

मॅडमनी एवढी माणसं आत आलेली बघून भुवया उंचावल्या. मी आधीच बोलले, "मॅडम, तुमचं एक वाक्य आमच्या घरात शिरलं आणि मला घराबाहेर काढायला निघालंय. ते आता यांच्यासमोर नीट सांगा. आणि आज घाई करू नका."

नवरा खाली बघू लागला. मॅडमचा चेहरा जरा कडक झाला, मग सैल पडला. त्या म्हणाल्या, "माझी सांगण्यात चूक झाली. बसा सगळे."

त्यांनी कागदावर गोल काढला. रोगजंतूंशी लढायला आपलं शरीर रक्तात काही पदार्थ तयार करतं. हिच्या शरीरात त्यातले काही चुकीचे तयार होतात आणि त्यामुळं रक्त नको तिथं गोठतं. पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेत बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यांत गुठळ्या होतात. वार नीट वाढत नाही, बाळाला हवं ते पोचत नाही.

सासरे कागदावर वाकले. ते म्हणाले, "म्हंजी कालव्याला पानी हाय, पर शेतात येनारी चारी तुंबलीया."

"बरोबर. आणि चारी मोकळी ठेवायला औषध आहे. रोज पोटात एक इंजेक्शन आणि एक बारीक गोळी. खात्री कुणालाच देता येत नाही, पण पुष्कळ बायकांची बाळं यानं राहतात."

आत्यांनी विचारलं, "म्हंजी माझ्या लेकाच्या रक्तात काय न्हाई?"

"नाही."

"आन् हिच्या वागन्यात? पपई, गाडी?"

"त्याचा काही संबंध नाही. हिनं काहीही केलेलं नाही."

नवऱ्यानं हळूच त्या पेशी टोचायच्या सेंटरचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, त्याचा फायदा होतो असं पक्कं दिसलेलं नाही, आणि हिच्या आजारावर तो उपाय नाहीच. मी नवऱ्याला तिथंच सांगितलं, "ऐकलंत ना? तुमच्या बहिणीला आज फोन करा."

आम्ही उठलो तेव्हा आत्या बसूनच राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "माझी दोन गेली व्हती. ह्याच्या आधी. तवा सासूनं मला सहा महिनं देवाला शिवू दिलं न्हवतं." सासरे भिंतीकडे बघत होते. नवऱ्यानं हे पहिल्यांदाच ऐकलं. मॅडम म्हणाल्या, तेव्हाचं आता काही सांगता येणार नाही.

मला वाईट वाटलं. पण त्या दिवशी मी त्यांना माफ केलं नाही. जे स्वतः सोसलं ते दुसरीच्या माथी मारायचा हक्क त्यानं मिळत नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढच्या वर्षी दिवस राहिले. त्याच आठवड्यात इंजेक्शनं सुरू झाली. नवऱ्याला टोचायला शिकवलं होतं, पण माझ्या पोटाची चिमूट धरली की त्याचाच रंग उडायचा. मग मीच घेऊ लागले. पोटावर निळे-हिरवे डाग पडले, साडीची गाठ टोचायची. आत्या म्हणाल्या, "तीन म्हैनं कुनाला सांगू नको. दृष्ट लागती." मी दुसऱ्याच दिवशी दूध घालायला आलेल्या रांगेत सांगितलं, मोठ्यानं. एक म्हातारी म्हणाली, "अगं, समजा न्हाई राहिलं तर?"

"तर तुम्ही पण माझ्याबरोबर रडा. लपून रडायला मला आता जमणार न्हाई."

मॅडमनी किटल्या उचलू नको म्हटलं होतं, तेवढं पाळलं. बाकी काम सोडलं नाही. पाचवा महिना लागला तेव्हा मात्र माझी हिंमत गेली. पोटातली हालचाल थांबली असं वाटून दोनदा दवाखान्यात पळाले, दोन्ही वेळा ठोके चालू होते. दुसऱ्यांदा आत्या बरोबर होत्या. मशीनवरचा तो आवाज ऐकून त्यांनी माझा हात धरला आणि मी तो धरू दिला.

मुलगी नवव्या महिन्याच्या सुरुवातीलाच झाली, बारीकशी. काही दिवस काचेच्या पेटीत होती. मग घरी आली आणि रडून सगळी आळी जागी केली.

बारशाला त्याच मावससासऱ्यांच्या बायकोनं पाळण्यात वाकून बघितलं. "पहिली बेटी, धनाची पेटी. आता पुढचा मुलगाच." मी म्हणाले, "ही पहिली न्हाई, चौथी हाय. आन् पुढचं मी ठरवनार." आत्या गूळ-खोबरं वाटत होत्या. त्या मध्ये पडल्या नाहीत, पण मला गप्पही केलं नाही. आमच्या घरात तेही थोडं नव्हतं.

मुलगी रांगू लागली तेव्हा केंद्रावर दूध घालणारी एक मुसलमान सून मला बाजूला घेऊन म्हणाली, तिचीही दोन गेलीत, घरात सगळे तिलाच बोलतात, ती कारण शोधायची तपासणी कुठं करतात? पुढच्या गुरुवारी मी तिला घेऊन शिरूरला गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायलाही मीच बरोबर होते. ते साफ होते. माझ्यासारखं काही निघालं नाही, दुसरंही काही सापडलं नाही. मॅडमनी तिला खूप वेळ समजावलं, पुढच्या वेळी सुरुवातीपासून लक्ष ठेवू म्हणाल्या.

ती बाहेर आली आणि रिपोर्टची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. "काहीच न्हाई निघालं. आता घरी काय सांगू? म्हणतील, मग दोष तुझाच."

"सांग, कारण सापडलं न्हाई. माझं सापडलं तवाबी दोष माझा न्हवता. तुझं न्हाई सापडलं तरी तुझा न्हाई. आन् न्हाई पटलं तर घेऊन ये त्यांना इथं. मी येते संगं."

ती पहिल्यांदा हसली. स्टँडवर आम्ही दोघींनी भेळ खाल्ली आणि चौफुल्याची गाडी पकडली.