ताईचा डावा गाल

त्या गावात कुणीही कुरूप नव्हतं, निदान कागदावर तरी नव्हतं. याचं सगळं श्रेय बसथांब्यासमोरच्या स्टुडिओतल्या फोटोवाल्याचं. तिरळा डोळा सरळ करायचा, पुढे आलेले दात ओठांआड घालायचे, टक्कल पडलेल्याला चार केस परत मिळवून द्यायचे, ही कामं तो न सांगता करायचा. पूर्वी निगेटिव्हवर बारीक ब्रशने करायचा, पुढे कॉम्प्युटरवर करू लागला. एकदा पासपोर्टच्या कचेरीतून एका गिऱ्हाइकाचा अर्ज परत आला. फोटोतला माणूस आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसेना म्हणे. गिऱ्हाईक तणतणत दुकानात आलं, तर हा शांतपणे म्हणाला, "फोटोत काही चूक नाही. तुम्हीच बारीक झालात की काय?" आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी गेलं.

असा हा माणूस. हाताने हुशार, स्वभावाने गरीब, आणि कुणाला कडू बोलायची वेळ आली की विषय बदलणारा. बायको म्हणायची, "यांनी डॉक्टर व्हायचं नाही ठरवलं ते बरं झालं. पेशंट मेला तरी बरा आहे म्हणून सांगितलं असतं." ती हे हसत म्हणायची आणि तोही हसायचा.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्याच्या ताईचं शिलाई मशीन होतं. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा याला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी तीच. स्वतःचं लग्न बघू बघू म्हणत राहून गेलं. ती शाळेचे गणवेश शिवायची, आजूबाजूच्या शिंप्यांची काजं करून द्यायची, आणि दिवसभर बोलायची. स्टुडिओ आणि तिची खोली यांच्यामध्ये नुसता कापडी पडदा. इकडे गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसलं, मान आखडून कॅमेऱ्याकडे बघायला लागलं, की पडद्याआडून आवाज यायचा, "अहो, श्वास घ्या. फोटो काढतोय, जबानी नाही घेत." गिऱ्हाइकाला हसू फुटायचं आणि त्याच क्षणी हा बटण दाबायचा. त्याचे निम्मे चांगले फोटो तिच्या जिभेने काढलेले होते. गल्लीत तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती, आणि तिच्याकडे गप्पा मारायला आलेल्या बायका हसून हसून डोळे पुसत परत जायच्या.

तिशी ओलांडल्यावर तिच्या डाव्या जबड्यात गाठ आली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. दुखायची नाही. गावातल्या डॉक्टरने बघितलं आणि सांगितलं, "हाड आतून फुगतंय. जिवाला धोका नाही, पण ही आपणहून थांबायची नाही. मोठ्या शहरात जाऊन काढून घ्या." मोठ्या शहरातलं ऑपरेशन म्हणजे स्टुडिओ आणि घर दोन्ही विकायची पाळी. ताईने विषयच बंद केला. गाठ वर्षावर्षाला वाढत मुठीएवढी झाली. ताई म्हणायची, "मला गाल जरा जास्तच दिलाय. हवा असेल तर घ्या कुणीतरी थोडा."

ती हसून न्यायची. याला मात्र ते जमायचं नाही. जेवताना तो तिच्या उजव्या हाताला बसायचा. घरात तिचे फोटो ढिगाने होते आणि सगळे उजव्या बाजूने. ती स्टुलावर बसली की हा पुढे होऊन दोन बोटांनी तिची हनुवटी हलकेच वळवायचा, जितकी वळवायला हवी तितकीच. मग तिचा चेहरा आईसारखा दिसायचा. हे प्रेमच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण त्या प्रेमाला डोळे मिटून घ्यायची खोड होती.

मग एके वर्षी बंदरात इस्पितळाचं जहाज आलं. बंदर गावापासून बसने एका दिवसाच्या वाटेवर. जहाजावर ऑपरेशनच्या खोल्या होत्या, लांबलांबचे डॉक्टर होते, आणि गाठी, फाटलेले ओठ, मोतीबिंदू, वाकडे पाय हे सगळं फुकट बरं करून देत होते. फक्त खाटा मोजक्या आणि येणारी माणसं अफाट. म्हणून जहाजाकडून एक आरोग्यसेविका गावोगाव फिरत होती. ती स्टुडिओत आली आणि म्हणाली, "दादा, तोंडावर गाठ असलेल्या माणसांचे फोटो हवेत. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. गाठीला लागून पट्टी धरायची, म्हणजे मोजमाप कळतं. हे फोटो बघूनच डॉक्टर ठरवतात, कुणाला आधी बोलवायचं."

"हसरे नकोत?" त्याने विचारलं.

"हसरे नकोत, सुंदर नकोत. आहेत तसे हवेत."

त्याने ते काम फुकट अंगावर घेतलं आणि चोख केलं. चौदा माणसं आली. पाववाल्याच्या गालावरची गाठ एवढी वाढली होती, की एक डोळा मिटला होता. फोटोवाल्याने बाजूने दिवा टाकून गाठीची कड न् कड दाखवली, पट्टी नीट धरायला लावली, कॉम्प्युटरवर एका ठिपक्यालाही हात लावला नाही. एका बाईने पावडर लावली होती, ती त्याने पुसायला लावली. तेरा माणसांच्या बाबतीत तो इतका खरा वागला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

चौदावी ताई. ती संध्याकाळी हातातलं काम आटोपून आली, स्टुलावर बसली, गालावरचा रुमाल सोडला आणि आपणहून डावा गाल कॅमेऱ्यापुढे केला. भिंगातून त्याला ती गाठ दिसली. इतक्या वर्षांत त्याने ती अशी समोरून, उजेडात, पुरती कधी पाहिलीच नव्हती. आणि त्याचा हात, कुणी न सांगता, पुढे गेला. दोन बोटांनी त्याने तिची हनुवटी वळवली. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. ती एरवी गप्प बसणारी नव्हती, त्या वेळी बसली.

डाव्या बाजूचा फोटोही त्याने काढला, नाही असं नाही. पण दिवा समोरून लावला, आणि समोरच्या उजेडात फुगवटा सपाट दिसतो हे त्याला न कळायला तो काय कालचा फोटोवाला होता? पट्टी मागे कानाजवळ, तिरकी धरली गेली. कॉम्प्युटरवर जबड्याखालची सावली जरा काळी वाटली, ती त्याने उजळली. परक्या माणसांच्या टेबलावर ताईचा चेहरा तसा पडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांचे फोटो एकत्र पाठवून दिले.

जहाजाकडून यादी आली. पाववाला आणि आणखी पाच जण ताबडतोब. काहींना नकार. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'सूज लहान. थांबता येईल. दुसऱ्या फेरीत बघू.'

आता खरं सांगायचं तर चूक अजून चूक झालेली नव्हती. हाताची सवय म्हणून ती खपून गेली असती. ती आरोग्यसेविका त्यानंतर दोनदा स्टुडिओत आली. दोन्ही वेळा याने तिला चहा पाजला. "बाई, ताईचा फोटो बरोबर आला नाही, परत काढतो," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की ती विचारणार, मग बाकीचे तेरा तरी खरे कशावरून? फोटोवाल्याच्या शब्दावर माणसं बोलावलेली, त्यात पाववाला दुसऱ्याच दिवशी निघायचा होता. आणि मुख्य म्हणजे पडद्यापलीकडे ताई बसलेली होती, तिला सगळं ऐकू जाणार होतं. त्याने कप उचलले आणि म्हणाला, "दुसरी फेरी कधी?"

दुसरी फेरी झालीच नाही. मुक्कामाचे दहा महिने संपले, जहाज ठरल्याप्रमाणे दुसऱ्या देशात गेलं. पाववाला दोन्ही डोळ्यांनी बघत गावात फिरू लागला आणि भेटेल त्याला जहाजाची गोष्ट सांगू लागला. ताई त्याचं कौतुक करायची. "आता दोन डोळे झाले, पाव तरी सरळ काप," असं त्याला म्हणायची. फोटोवाला तेव्हा आतल्या खोलीत काहीतरी शोधत असायचा.

जहाज परत यायला साडेतीन वर्षं लागली. तोवर गाठ तोंडाच्या आत वळली होती. ताईला घास चावता येईना, ती पातळ पिऊन राहायची आणि उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. बोलणं मात्र चालू होतं, थोडं जड, पण शब्द न् शब्द कळणारं. या वेळी त्याने फोटो काढले तेव्हा दिवा बाजूने लावला, पट्टी गाठीला टेकवली आणि हात पाठीमागे धरून उभा राहिला. आठवड्यात बोलावणं आलं.

जहाजावरच्या तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांचं बोलणं समजावून सांगायला बंदरातला एक निवृत्त मास्तर. डॉक्टरीणबाईंनी जुन्या नोंदी काढल्या. टेबलावर दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले, साडेतीन वर्षांपूर्वीचा आणि आताचा. बराच वेळ बघितलं. मग मास्तरांकडे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "त्या म्हणतात, एवढीशी गाठ साडेतीन वर्षांत एवढी वाढली, म्हणजे ही साधी नव्हे. कॅन्सरचाच संशय येतो. त्याचे उपचार जहाजावर होत नाहीत. अशा पेशंटला त्यांना परत पाठवावं लागतं."

ताईने मान हलवली, जसं काही कुणी भाजीचा भाव सांगितला. आणि फोटोवाल्याच्या लक्षात आलं, की त्या जुन्या फोटोने एकदा तिची पाळी घालवली होती, आणि आता तो तिला दारातून परत पाठवत होता. त्याने जुना फोटो बोटाने पुढे सारला.

"मास्तर, त्यांना सांगा, तो फोटो खोटा आहे. गाठ तेव्हाही मोठी होती, मुठीएवढी. मी ती लपवली. मीच फोटो काढला, मीच सावली पुसली."

हे तो टेबलाकडे बघत बोलला. शेजारी ताई बसली होती, तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. मास्तरांनी भाषांतर केलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला लावला. चार दिवसांनी सांगितलं, कॅन्सर नाही, ऑपरेशन करू. पण आधी बोटं धरून दाखवलं. त्या वेळी आली असती तर दोन बोटं हाड काढून भागलं असतं. आता अर्धा जबडा जाणार, आणि जीभ हलवणारी त्या बाजूची नस गाठीत गुरफटलेली. श्वास मोकळा होईल, पोटभर खाता येईल. पुढचं सांगताना मास्तर ताईकडे वळले. मग म्हणाले, "बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती दोघं वरच्या डेकवर बाकावर बसली होती. खाली धक्क्यावर माणसांची रांग होती.

"ताई," तो म्हणाला.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली. "तू हनुवटी फिरवलीस ना, तेव्हाच कळलं. मी शिवणारी बाई आहे, कापड कुठे दुमडलं ते मला कळतं."

"मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलायचा होतास. तू जगाला बोलतेस."

"धाकट्या, तुला बघवत नव्हतं. म्हटलं, नको बिचाऱ्याला." तिने रुमाल सारखा केला. "मला वाटलं, पाठवायच्या आधी तू परत काढशील. मी दोन दिवस वाट बघितली."

त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला, आणि मग खालच्या रांगेतल्या एका लठ्ठ माणसाकडे बघून असं काही बोलली, की याला रडता रडता हसू आलं. ताईचं स्पष्ट असं त्याने ऐकलेलं ते शेवटचं बोलणं.

ऑपरेशन चांगलं झालं. ताई आता आडवी झोपते, सगळं खाते, गालावरची शिवण तिला स्वतःला आवडते, टाके एकसारखे आहेत म्हणते. म्हणजे म्हणत असावी. शब्द तोंडातल्या तोंडात लोळतात, आणि ते कळायचे तर समोर बसून तिच्या ओठांकडे बघावं लागतं. तो बघतो. जेवायला समोर बसतो. भूक लागली, दोरा संपला, दार लावा, एवढं त्याला कळतं. गप्पांना येणाऱ्या बायका पहिले काही महिने आल्या, हो हो म्हणून माना डोलावून गेल्या, मग येईनाशा झाल्या. पडद्याआडून फक्त मशीनचा आवाज येतो.

परवा एक गिऱ्हाईक स्टुलावर मान आखडून बसलं होतं. ताई पडदा बाजूला करून दारात आली, त्याच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. लांबलचक बोलली, डोळे मिचकावून. गिऱ्हाईक गोंधळून फोटोवाल्याकडे बघायला लागलं. फोटोवाला मोठ्याने हसला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं त्याला ओळखणारी बाई, तिला ते हसू कसलं आहे हे कळायला वेळ लागला नाही.

त्याने हातातला कॅमेरा खाली ठेवला. "नाही कळलं, ताई," तो म्हणाला. "परत सांग."

तिने हाताने 'राहू दे' असं केलं आणि आत गेली. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं, संध्याकाळी विचारलं, दुसऱ्या दिवशीही विचारलं. ती काजं करत राहिली. त्या दिवशी ती काय म्हणाली होती, ते त्याला अजून माहीत नाही.