धुपावरचा आळ

माझा गेमिंग लॅपटॉप सहा वर्षांचा झाला आणि त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायला लागला. गेम सुरू केला की दहा मिनिटांत कीबोर्डला हात लाववत नसे. चित्र अडखळायचं आणि ऐन मोक्याला पडदा काळा व्हायचा. मी हरायचो. माझ्या टीममधले लोक हेडफोनमधून मला शिव्या घालायचे आणि मी लॅपटॉपला. ‘नाचता येईना अंगण वाकडं,’ असं बायको दारातून जाता जाता म्हणायची. ती लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आली, आणि म्हणी तिकडूनच भरपूर घेऊन आली.

प्रश्न साधा होता. आहे त्यातच रॅम वाढवून, नवी एसएसडी टाकून दोन-तीन वर्षं काढायची, की सरळ नवा घ्यायचा? बायकोचं मत, आहे तोच सुधार. मला नवा हवा होता. पण छत्तीस वर्षांच्या माणसाला ‘मला खेळायला नवा हवाय’ असं घरात म्हणता येत नाही, म्हणून मी कारण शोधत होतो. ऑफिसातून आलो की त्याच विषयावरचे व्हिडिओ बघायचो. ‘अपग्रेड करा’ म्हणणारे मध्येच बंद करायचो, ‘आता बदलाच’ म्हणणारे शेवटपर्यंत बघायचो. त्यातल्या एकात एक गृहस्थ म्हणाले की धूर हा लॅपटॉपचा वैरी. आत धुराचा थर बसला की त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. मला कारण मिळालं.

धूर आमच्या घरात रोजचाच होता. माझे बाबा शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. रोज दिवेलागणीला ते गोवरीचा तुकडा गॅसवर पेटवून धुपाटण्यात ठेवत, वर गुग्गुळ आणि थेंबभर तूप घालत आणि खोल्याखोल्यांतून फिरत. ‘देवाचं देवाला, डासांचं डासांना,’ असं त्यांचं शास्त्र. मला आठवतंय तेव्हापासून राजेंद्र नगरच्या आमच्या घराला संध्याकाळी हाच वास येत असे.

एका संध्याकाळी पडदा काळा झाला आणि नेमके त्याच क्षणी बाबा धुपाटणं घेऊन खोलीत आले. मी हेडफोन काढून आपटला.

“बाबा, या तुमच्या धुपानं वाट लावली लॅपटॉपची. धुरानंच खराब होतात हे, नेटवर बघा हवं तर. आता नवाच घ्यावा लागणार.”

बाबा दारातच थांबले. “असं असतं का? मला ठाऊक नव्हतं रे,” म्हणाले आणि धुपाटण्यावर हात आडवा धरून, धूर आत येऊ नये असे मागे सरले. खरं सांगायचं तर मी जे बोललो त्यावर माझाच अर्धा विश्वास होता. उरलेला अर्धा मी आवाज चढवून भरून काढला होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात धूप झाला नाही. माझ्या ते लक्षात आलं, आणि बरं वाटलं. बाबांनाच पटलंय म्हटल्यावर बायकोलाही पटेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

आठवड्याभरानं जेवताना बाबा म्हणाले, “नव्या लॅपटॉपचे निम्मे पैसे मी देणार. नुकसान माझ्यामुळे झालंय.” आमच्याकडे नको म्हणायचं तर तीनदा म्हणावं लागतं. एकदाच म्हटलेलं नको म्हणजे हो, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. मी “कशाला बाबा” असं एकदा म्हटलं आणि भातावर वरण घेतलं.

बायकोला ते मुळीच आवडलं नाही. तिनं बजावलं की आधी दुरुस्तीवाल्याला उघडून दाखव. तोही ‘हा कामातून गेला’ म्हणाला तर खुशाल नवा घे. शनिवारी दुपारी मी निघालो तर बाबा चपला घालून तयार. “मीही येतो. त्याला विचारायचंय, टीव्हीला, फ्रिजलापण लागतो का धूर.” स्कूटरवर ते माझ्या मागे बसले, लॅपटॉपची बॅग मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

दुकानात पोचण्याआधी शेवेचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बाबांना रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलं, आणि ज्या गावात पोह्यांवर, वरणावर, कशावरही शेव पडते त्या गावात बाबांनी त्याच दिवशी शेव सोडली. पुन्हा चिमूटभरही खाल्ली नाही. त्यांच्या नजरेसमोर नको म्हणून बायकोनं शेवेची बरणी स्वयंपाकघरातून हलवून माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर ठेवली. बाबांच्या वाटची मीच खायला लागलो. एक हात माऊसवर, एक बरणीत.

दुरुस्तीवाला माझ्याच वयाचा होता. त्यानं स्क्रू काढले, खालचं झाकण उचललं आणि आत बघतच राहिला.

“भिया, ये लैपटॉप है कि नमकीन का डब्बा?”

त्यानं काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि लॅपटॉप तिरका करून थोपटला. शेव पडली. पंख्याच्या पात्यांतून तुकडे पडले, जाळीतून तेलात भिजलेला काळपट चुरा पडला, आणि तापलेल्या हिंग-लवंगांचा वास सुटला. बाबा वाकून बघत होते.

“और धुआँ?” त्यांनी विचारलं. “धुएँ से कितना बिगड़ा है?”

“धुआँ कहाँ है बाऊजी? धुएँ का तो कुछ नी है. ये सब सेव की मेहरबानी है.”

मी बोलायला हवं होतं. इतकं सोपं होतं ते, तीन शब्दांचं काम. पण मी वर्तमानपत्रावरच्या चुऱ्याकडे बघत राहिलो. मग बाबा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “सेव तो मैं खाता हूँ. अख़बार पढ़ते-पढ़ते. वही गिर जाती होगी.”

“अब बस करो बाऊजी, इस उमर में,” तो हसत म्हणाला. “बेटे का इत्ता महँगा लैपटॉप है.” आणि त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी हसलो. कसनुसं नव्हे, चांगलं मोकळं हसलो, सुटल्यासारखं. वर म्हणालो, “मानते ही नी हैं ये.”

ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं याचा मी पुष्कळ विचार केलाय. ते आयतं निघालं, हेच उत्तर आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा, चोराला कष्ट पडत नाहीत.

त्यानं तासाभरात सगळं साफ केलं, प्रोसेसर तापू नये म्हणून नवी पेस्ट लावली, रॅम वाढवली, एसएसडी बसवली. “तीन साल कहीं नी जाता ये. नया काय को लेते हो?” निकाल लागला. बाबा तोवर स्टुलावर बसून होते. टीव्ही-फ्रिजचं त्यांनी काही विचारलं नाही.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मी म्हणालो, “बाबा, बरं झालं तुम्ही सांभाळून घेतलंत.”

बाबा हेल्मेटचा पट्टा लावत होते. ते थांबले. “तुला सांभाळलं नाही मी. सगळी नोकरी मुलांना शिकवण्यात गेली माझी. आणि माझा मुलगा आपलं खापर बापावर फोडतो, हे त्या परक्या माणसाला कळलं असतं. त्यापेक्षा मी हावरट ठरलो ते बरं.” पट्टा लागला तसे ते मागे बसले. “घरी मात्र तू सांगायचंस.”

रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होतो, आणि आमच्या कॉलनीच्या वळणापर्यंत ते चांगलं जुळलंही होतं.

बायकोनं दार उघडलं. “काय निघालं आत?”

बाबा माझ्या शेजारी चपला काढत होते, नेहमीपेक्षा सावकाश.

“धूळ,” मी म्हणालो.

बाबांनी दुसरी चप्पल पहिलीशेजारी नीट लावली आणि आत गेले.

याला सहा महिने झाले. लॅपटॉप उत्तम चालतो. धुपाचं मी एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, “राहू दे, सवय मोडली आता.” बायकोला अजून काही ठाऊक नाही. मी लिहिलेलं सगळं आधी तीच वाचते, तेव्हा हेही वाचेल. फक्त ती वाचेल तेव्हा बाबा घरात नसावेत, असं मला अजूनही वाटतं.