उकिडवं बसायचा हुकूम

वलवणच्या कादर हवालदाराचे गुडघे पलटणीत गेले, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारला.

बावीस वर्षं हा माणूस उखळी तोफेचं लोखंडी बूड पाठीवर घेऊन बर्फाचे डोंगर चढला, उतरला. दवाखान्यात कधी गेला नाही, कारण दवाखान्यात जाणाऱ्याला पलटणीतले साहेब कामचोर ठरवतात. आणि निवृत्त होताना हेच साहेब म्हणाले, दुखण्याची नोंद कुठाय?

निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरने हुकूम सोडला, "खाली बस!" कादर उकिडवा बसला. "ऊठ!" उठला. हूं नाही की चूं नाही. डोळ्यांतलं पाणी घाम म्हणून पुसलं. शेरा पडला: गुडघे वयाने झिजले, नोकरीशी संबंध नाही, नीट बसता-उठता येतं. वय किती? बेचाळीस! खुर्च्या उबवणाऱ्यांचे गुडघे साठीतही टकाटक, याचे तेवढे वयाने झिजले. तपासणीसाठी काढलेला एक्स-रे कुणी पाकिटातून काढूनही बघितला नाही. अपंगत्वाची पेन्शन गेली.

मशिदीत कादर खुर्चीवर नमाज पढायला लागला, तर म्हातारे चिडवायचे, "काय हवालदार, लय लवकर खुर्ची मिळाली!"

तीन वर्षं अर्ज केल्यावर पुण्याला फेरतपासणी लागली. निघताना बायको, मेहमुदा म्हणाली, "अवो, बस म्हणले तर बसा. पण उठू नका."

"हुकूम असतो, मेहमुदा."

"हुकूम तुमाला. गुडघ्यांना पाळता येतो का, ते बघू द्या की त्यांनाबी."

नवा डॉक्टर जुन्या शेऱ्यातून मान वर न करताच म्हणाला, "खाली बस." कादर बसला. "ऊठ."

सवयीने हात मांडीवर गेला, दात आवळले गेले. मग त्याने हात सोडून दिला.

"न्हाई उठता येत, साहेब."

"नाटक करू नकोस. मागच्या वेळी उठला होतास."

"नाटक तवा केलतं, साहेब. आज खरं हाय."

शेवटी दोन शिपायांनी बगलेत हात घालून त्याला उचललं. कादरचे कान शरमेने तापले. डोंगरावर त्याला कुणी कधी उचललं नव्हतं.

"लिवा साहेब," तो लोंबकळतच म्हणाला, "दोघांनी उचलला."

आता कुठे साहेबाने पाकीट उघडलं. एक्स-रे खिडकीकडे धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मग जुना शेरा खोडून लिहिलं: सेवेमुळे.

ते लिहून होईपर्यंत कादरने शिपायांचे खांदे सोडले नाहीत.