परडीतलं सोयर

पेशव्यांच्या अमदानीत पहाटेची नौबत झडली, की कसब्यात पहिली चाहूल लागायची ती बायडाबाई माळणीची. अंगानं काटकुळी, पण चालणं सरदाराचं. डोक्यावर फुलांची परडी, आणि मागं असा घमघमाट, की झोपलेल्या माणसानं कुशीवर वळून हसावं.

देवळाला फुलं देणारी माळ्यांची चार घरं होती. दर गुढीपाडव्याला देऊळ प्रत्येक घराला हळद लावलेली नवी परडी देई. वर्षभर फुलं आणायची ती देवळाच्या परडीतूनच. तिला जमीन लागू द्यायची नाही. घरी आली की पडवीत शिंक्याला टांगायची. पहाटे गाभाऱ्याच्या दाराशी पुजारी एकेक परडी घेई आणि त्या घराचं नाव मोठ्यानं पुकारी. बायडाबाईचा नवरा गोंदजी जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा कर्नाटकच्या स्वारीवर होता, तरी त्या दारात "गोंदजी माळ्याचं घर!" अशी हाळी रोज उठे. तेवढी कानांवर घेऊन बाई दिवसाला भिडायची.

त्या वर्षी पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची सून मथुरा बाळंत झाली. घराला दहा दिवसांचं सोयर आलं. सोयरात देवाच्या वस्तूला शिवायचं नाही, म्हणून कोरी परडी शिंक्यावर तशीच झुलत राहिली. अकराव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन बायडाबाईनं शिंक्याला हात घातला मात्र, एक बुलबुल तिच्या कपाळावरून फडफडत उडाला. परडीत वाटीएवढं घरटं होतं. माळा ओवायचं केळीचं सोपट पाखरांनी पडवीतूनच पळवून विणलं होतं. आत तीन अंडी, गुलाबी, तांबूस ठिपक्यांची.

"मथुरे, ही बया बी आपल्याच घरी बाळंतपणाला आली गं!"

"आत्याबाई, उचलून वळचणीला ठेवा की."

"आणि तुला बाजेवरनं उचलून वळचणीला ठेवली असती तर?"

ती तडक देवळाच्या कारभाऱ्यांकडे गेली. यज्ञेश्वरपंत म्हणजे बोलण्यात साखर कमी आणि सुपारी जास्त असा माणूस.

"पंत, माझं सोयर फिटलं. परडीचं न्हाई फिटलं."

"म्हणजे? परडी बाळंत झाली?"

"परडीत बुलबुलीनं अंडी घातल्यात. सोयराच्या घरातलं फूल देवाला चालत न्हाई, हा तुमचाच नेम."

पंतांनी अडकित्ता खाली ठेवला. "बुलबुलाचं गोत्र ठाऊक आहे का आपल्याला? नाही म्हणजे, सोयर किती दिवसांचं धरायचं, ते काशीला पत्र घालून विचारायला बरं." मग आवाज उतरला. "बाई, मला चार परड्या लागतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. त्या दिवशी तुमची फुलं परडीतून आली नाहीत, तर तुमच्या फुलांचा मान संपत माळ्याकडे जाईल. गोंदजीचं नाव पुन्हा दारात घेतलं जाणार नाही."

बायडाबाईनं मान डोलावली आणि घर गाठलं. ती फुलं चौकात विकू लागली, आणि पडवीत जाताना पाऊल दाबून टाकू लागली.

वद्य पक्षात अंडी फुटली. लाल चोचींचे तीन आ वर उठले. पण तृतीया एका दिवसावर आली, तरी पिल्लांच्या पंखांत बळ नव्हतं. अजून दोन-तीन दिवस हवे होते.

"आत्याबाई, पिल्लं सुपात काढून ठेवू," मथुरा म्हणाली. "मामंजींचं नाव जाईल हो."

बायडाबाई पाटावर चढली. हात परडीपर्यंत गेलाही. मादी चोचीत अळी घेऊन आली, शिंक्याच्या दोरीवर बसली आणि हातभर अंतरावरून तिला झापून काढू लागली. बाई खाली उतरली. पदर खोचला आणि थेट संपत माळ्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. विहिरीच्या पाळीवरून दोन्ही घरांत सात वर्षं बोलणं नव्हतं.

"वैनी, वाट चुकलात जणू?"

"न्हाई. उद्या तुझ्या परडीत माझी फुलं घे. मधे केळीचं पान घाल."

"वा! उद्या तुमची परडी आली न्हाई तर मान मलाच हाय की."

"हाय. म्हणून तर तुझ्याकडं आले. दुसऱ्याकडं गेले असते तर तूच आडवा आला असतास."

संपत हसला, मग हसू आवरून म्हणाला, "विहिरीची सकाळची पाळी?"

"उन्हाळाभर तुझी."

"वैनी, दुपारच्या पाण्यानं मोगरा करपंल तुमचा!"

"निम्मा करपू दे. उरल्या निम्म्याच्या माळा होतील."

तृतीयेच्या पहाटे गाभाऱ्याच्या दाराशी पंत उभेच होते. रिकाम्या हातांच्या बायडाबाईकडे त्यांनी पाहिलं, मग संपतच्या परडीकडे. पानाच्या एका अंगाला जाई, दुसऱ्या अंगाला टपोरा मोगरा.

"हे कोणत्या शास्त्रात बसतं?"

"परडी देवळाची हाय," बायडाबाई म्हणाली. "हळद हाय, भुईला लागली न्हाई. दोन घरची फुलं एकीत घालू नयेत, असं आपण कधी सांगितलंत?"

पुजारी पंतांच्या तोंडाकडे बघत राहिला. संपत परडी तोलून उभा होता. त्यानं हात खाली घेतला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. त्यानं तो घेतला नाही.

"सांगितलं नव्हतं, हे खरं," पंत कोरडेपणानं म्हणाले. "आता पुढल्या पाडव्याला सांगू. पुकारा हो."

"संपत माळ्याचं घर!"

पुजाऱ्यानं जाई काढून घेतली आणि मधलं पान उचललं. बायडाबाईनं खांब घट्ट धरला.

"गोंदजी माळ्याचं घर!"

घंटा वाजली. बाईनं हात जोडले आणि ती गर्दीतून वाट काढत निघाली. विहिरीची सकाळ आजपासून संपतची होती. ऊन चढायच्या आत मुठा नदीवरून घागरी आणून तिला मोगरा भिजवायचा होता.